न्हावऱ्याची लाइन

रंभानं टेलिफोनच्या बोर्डावरची पिन उपसली, तेव्हा न्हावऱ्याचे सोपानराव पुण्याच्या आडत्याशी बोलतच होते. पिनेचा दोर वजनानं खाली सरकला आणि मग तिच्या ध्यानात आलं. तिनं घाईघाईनं पिन परत खुपसली, पण तोवर पुण्याची लाइन भलत्याच कुणाला गेली होती. सोपानरावांची झडप बोर्डावर खाडकन पडली. मग पुन्हा पडली.

लाइनच खराब आहे, असं तिनं त्यांना सांगितलं. सोपानरावांनी लाइनीचा उद्धार केला, जाता जाता तिचाही केला. तिनं मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि तक्रारवहीत लिहिलं : न्हावरे, लाइन खराब. त्या आठवड्यातली ही तिसरी नोंद होती.

शिरूरचं टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे दोन खोल्या आणि एक शंभर झडपांचा बोर्ड. गिऱ्हाइकानं हँडल फिरवलं की त्याच्या नावाची झडप पडायची. रंभानं पिन लावून ‘नंबर?’ विचारायचं आणि जोडून द्यायचं. बोलणं संपलं की पुन्हा हँडल फिरवून कळवावं, असा नियम होता. पण नियम पाळतील ते गिऱ्हाईक कसले? म्हणून मधूनच लाइनीवर जाऊन ‘झालं का बोलणं?’ असं विचारायचं, आणि उत्तर आलं नाही की पिन उपसायची.

सहा वर्षं ती हेच करत होती. एसटी बिघडली तर लोक एसटीला शिव्या देतात. फोन बिघडला की शिव्या ऑपरेटरला. त्याचंही तिला काही वाटेनासं झालं होतं, आणि खरा बिघाड तोच होता. अलीकडे तिचे हात कानाच्या आधीच पळायचे. बसल्या जागी पाय हलत राहायचा, अर्धी भाकरी ताटात तशीच राहायची. परवा एसटीत कंडक्टरनं ‘कुठं?’ विचारलं तर ही म्हणाली, ‘नंबर?’ अख्खी गाडी हसली. तीही हसली.

सोमवारीच एक्स्चेंजच्या पोपटराव साहेबांनी तिला बजावलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण कागदाला भिणारा होता. आता तुमच्याबद्दल एक जरी तक्रार आली तरी मला पुण्याला कळवावं लागेल, मग तुम्ही बोर्डावर राहाल याची खात्री मी देत नाही, असं ते म्हणाले होते.

लाइनमन ज्ञानूमामा खांद्यावर दोराचं वेटोळं टाकून दारात उभे राहिले. आधीच्या दोन्ही वेळा ते सायकलनं न्हावऱ्यापर्यंत गेले होते, एकेक खांब बघून आले होते आणि वहीत ‘दुरुस्त केली’ असं लिहून मोकळे झाले होते.

“पोरी, लायन कालबी चांगलीच व्हती.”

रंभानं मान वर केली नाही.

“बघून या, मामा.”

ते गेले.

घरी दोघीच, ती आणि सासू. नवरा बन्सी दौंडला रेल्वेत. सुट्टी मिळेल तेव्हा यायचा. रंभाला या नोकरीवर बसवलं ते सासूनं, आक्काबाईंनी. सून परक्या पुरुषांशी दिवसभर बोलणार म्हणून वस्तीतल्या बायकांनी नाकं मुरडली, तेव्हा आक्काबाई म्हणाल्या होत्या, “पिढ्यान् पिढ्या आपुन खालमानेनं गप बसलो. आता गावाला आपल्या पोरीला इचारल्याबिगर बोलता येनार न्हाई. बसू द्या तिला.”

त्या आक्काबाईंना रोज संध्याकाळी सुनेला दिवसभराचं सगळं सांगायची सवय होती. परवाही चुलीपाशी बसून काहीतरी सांगत होत्या. भाकरी थापता थापता रंभा म्हणाली, “झालं का बोलणं?” आणि परात उचलून उठलीसुद्धा.

आक्काबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“झालं,” त्या म्हणाल्या.

काल सकाळी खुंटीवर त्यांची पिशवी नव्हती. त्या पहिल्या एसटीनं न्हावऱ्याला भावाकडे गेल्याचं शेजारच्या सिंधूबाईनं सांगितलं. ‘सुनेला सांगितलंय म्हनल्या की,’ असंही ती म्हणाली. रंभानं आठवून पाहिलं. चूल आठवली, पिठाचा हात आठवला, सासूचे हलणारे ओठ आठवले. शब्द एकही आठवेना. रुसून गेल्या असत्या तर बरं होतं, समजूत काढता आली असती. आता त्या परत येतील की नाही, हे कोणत्या तोंडानं विचारायचं?

दुपारी न्हावऱ्याची झडप पडली. ज्ञानूमामा होते. सोपानरावांच्या दुकानातून लाइन तपासतोय, इथं एक बाई आहेत, त्यांना बोलायला लावतो, तू ऐक, असं म्हणून त्यांनी फोन कुणाला तरी दिला.

तेवढ्यात आणखी तीन झडपा पडल्या. रंभाचे हात धावले. डॉक्टरांना जोडलं, गूळवाल्याला थांबवलं. मध्येच न्हावऱ्याच्या लाइनीवर जाऊन बघितलं, तर एक म्हातारा आवाज कुणाच्या तरी पायाचं, कुठल्याशा म्हशीचं सांगत होता.

“झालं का बोलणं?” तिनं विचारलं आणि पिन धरली.

आवाज थांबला.

“झालं.”

रंभानं धरलेली पिन उपसली नाही.

“आत्या?”

तारेत नुसती खरखर होती.

“आत्या, बोला. काय सांगत होता?”

“म्हंजी, ऐकू येतंय व्हय तुला?”

“आता येतंय.”

मग आक्काबाईंनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. तारेवर भरवसा नसल्यासारख्या त्या जोरजोरात बोलत होत्या. भावाचा पाय सुजलाय, म्हणून आलेय. परवा तुला तेच सांगत होते. म्हैस व्यालीय, खरवस पाठवायचाय. तू जेवत न्हाईस, ते बन्सीला कळवावं की न्हाई, हेबी इचारायचं व्हतं.

बोर्डावर झडपा पडत राहिल्या. चार, सहा, आठ. आवाज ऐकून पोपटराव आतल्या खोलीतून तरातरा आले. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, मग रंभाकडे. तिच्या हनुवटीवरून पाणी टपटपत होतं आणि तिला ते ठाऊक नव्हतं.  बाजूचं स्टूल ओढून त्यांनी दुसरा हेडफोन कानाला लावला. ‘नंबर?’ म्हणाले आणि पहिलीच पिन चुकीच्या भोकात घातली. पलीकडून डॉक्टरांनी त्यांना यथेच्छ झापलं.

रंभानं तक्रारवही पुढ्यात ओढली. न्हावऱ्याच्या तिन्ही नोंदींवर रेघ मारून खाली लिहिलं : लाइन चांगली आहे. दोष बोर्डावर. सही केली आणि वही पोपटरावांकडे सरकवली. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, दोनदा वाचलं. मग वही मिटून आपल्या कोपराखाली ठेवली आणि पुढची झडप घेतली.

“झालं माझं,” तिकडून आक्काबाई म्हणाल्या. “ठिव आता, तुला कामं असतील.”

रंभानं पिनेवरचा हात काढून मांडीवर घेतला.

“माझं व्हायचंय, आत्या,” ती म्हणाली.