पेट्रोलवरची गाडी

आर्डिथचं पत्र मे महिन्यात आलं. वेंडेलने ते दोनदा वाचलं आणि हातातल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवून दिलं. ते पुस्तक संपलं तेव्हा पत्र दुसऱ्या पुस्तकात गेलं, मग तिसऱ्यात. ऑक्टोबर अर्धा सरला तोवर पत्राने सात पुस्तकं पाहिली होती. उत्तर मात्र राहिलं ते राहिलंच.

पत्र काही मोठं नव्हतं. आर्डिथ ही त्याच्या बायकोची, लोर्नाची, थोरली बहीण. राहायला ओहायोत, वय एक्याऐंशी. कान जवळजवळ गेलेले, त्यामुळे फोनचा उपयोग नाही, आणि गुडघे कानांच्याही आधी गेलेले. दर वर्षी जानेवारी ते मार्च ती फ्लोरिडात यांच्याकडे येऊन राही. तिने लिहिलं होतं:

'वेंडेल, लोर्ना गेली म्हणजे माझं येणंही संपलं का, हे विचारायला लाज वाटते, पण विचारते. उन्हाळा मी इथे एकटी काढते, बर्फात आता जमत नाही. मुलाने वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय. ऑक्टोबरअखेर सही करायची, आणि सही केली की हे घर विकायचं. खोली बरी आहे. खिडकीतून उभ्या केलेल्या मोटारी दिसतात. तू ये म्हणालास तर मी सही करणार नाही. पण गाडी लागेल रे बाबा. गाडीशिवाय मी म्हणजे तुझ्या पडवीत टाकलेलं बटाट्याचं पोतं. हो की नाही, एका ओळीत कळव.'

एका ओळीत! वेंडेलने छत्तीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी केल्या होत्या. कुठलंही जाडजूड पुस्तक तो चार ओळींत बसवायचा. ही एक ओळ मात्र त्याला सुचेना. कारण 'ये' म्हणायचं तर गाडी हवी, आणि गाडी घ्यायची तर काहीतरी ठरवायला हवं. ठरवणं हे खातं पहिल्यापासून लोर्नाकडे होतं.

वेंडेल राहायचा त्या सायप्रस ग्लेन वसाहतीत सगळी पेन्शनीतली माणसं राहत, आणि तिथे गाडी म्हणजे गोल्फची गाडी. गोल्फ खेळणारे थोडेच, पण वाणसामान, डॉक्टर, चर्च, न्हावी, सगळं त्या गाडीतूनच. पोस्टमन घरी येत नसे. सगळ्यांच्या पत्रपेट्या मैलभर लांब एका छपराखाली होत्या, तिथेही गाडीनेच जायचं. मोटारीचा परवाना वेंडेलने डोळ्यांमुळे तीन वर्षांपूर्वी परत केला होता. गोल्फच्या गाडीला परवाना लागत नाही, पण ती लोर्ना चालवी, आणि हा शेजारी पुस्तक उघडून बसे.

लोर्ना फेब्रुवारीत गेली. तिची पांढरी, पेट्रोलवरची गाडी गॅरेजमध्ये तशीच राहिली. ऑगस्टमध्ये समोरच्या हार्लनने ती सुरू करून पाहिली, तर इंजिन जाम झालं होतं. मिस्त्री म्हणाला, दुरुस्तीच्या खर्चात दुसरी येईल.

रडू येईल, येऊ दे, असं सगळे सांगून गेले होते. रडू आलं नाही. वेंडेलने काही दिवस वाट पाहिली, नंतर तेही सोडून दिलं. तो वेळेवर जेवत होता, वेळेवर झोपत होता. हात बधिर झाला की तो आपलाच असून उशाला दुसऱ्याचा ठेवल्यासारखा वाटतो, तसं त्याला स्वतःचं सगळंच वाटत होतं.

"बॅटरीची घे," हार्लन म्हणाला. तो जन्मभर वायरमन होता आणि विजेबद्दल कुणी वावगं बोललेलं त्याला खपत नसे. "यात विचार कसला करतोस? आवाज नाही, वास नाही. रात्री प्लग लावायचा, सकाळी तयार."

"आणि मध्येच संपली तर?"

"तू जाणार कुठे रे मध्येच संपायला? वाण्याकडे आणि पुस्तकं बदलायला. तेवढ्यात माझी गाडी आठवडाभर उतरत नाही."

"लोर्नाची पेट्रोलची होती."

"लोर्ना इस्पितळात सेवेला जायची, नऊ मैल जाऊन नऊ मैल यायची. तिला पेट्रोलचीच हवी होती. तुला काय करायचीय?" हार्लनने किल्ली त्याच्या हातात कोंबली. "हे बघ, माझी आठ दिवस ठेव. पटली तर अशीच घे. आणि हॅडली कंपनीचीच घे, ब्रँटच्या वाटेला जाऊ नकोस. ब्रँट दिसायला झकपक असते, आमच्या धाकट्या सुनेसारखी."

"सून चांगली आहे की तुझी."

"चांगली आहे म्हणूनच तर लांब राहते."

दुसऱ्या दिवशी वेंडेल गाड्यांच्या दुकानात गेला. विकणाऱ्याने त्याला हॅडली दाखवली, ब्रँट दाखवली, पेट्रोलच्या दाखवल्या, बॅटरीच्या दाखवल्या. ब्रँटची गादी मऊ होती. हॅडलीचा सांगाडा न गंजणारा होता. बॅटऱ्या दोन प्रकारच्या: एकीत महिन्याला पाणी घालावं लागे, दुसरीकडे बघावंही लागत नसे. पेट्रोलवाली लांब जाई, पण तिचं तेल बदलावं लागे.

"मग साहेब, कुठली काढू?"

"विचार करतो," वेंडेल म्हणाला आणि चार छापील पत्रकं घेऊन परत आला. घरी त्याने ती पत्रकं आधी कंपनीवार लावली, मग इंधनावार, मग पुन्हा कंपनीवार. असं करण्यात दुपार गेली. आपण काही ठरवत नसून नुसते लावतो आहोत, हे त्याला कळत होतं.

सायप्रस ग्लेनमध्ये एक गोष्ट नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकावी लागते. एका कंपनीच्या सगळ्या गाड्यांची किल्ली एकच असते. हॅडलीची कुठलीही किल्ली हॅडलीच्या कुठल्याही गाडीला चालते, आणि त्यांतल्या निम्म्या गाड्या पांढऱ्याच. म्हणून प्रत्येक जण सुकाणूला काहीतरी बांधून ठेवतो: कापडी पोपट, मुलीची जुनी रिबीन, फुटबॉल संघाचा रुमाल. लोर्नाने स्वयंपाकघरातला लाल हातमोजा बांधला होता, ओव्हनमधून गरम ताट काढायचा. हार्लनने काहीच बांधलं नव्हतं. "मी काय बालवाडीत आहे? माझी गाडी मी ओळखतो."

हार्लन ओळखत असेल. वेंडेलला कुठून ओळखता येणार?

गुरुवारी तो चौकातल्या दुकानातून दूध, पाव आणि सूपचे डबे घेऊन बाहेर आला. रांगेत काहीही न बांधलेली पांढरी हॅडली दिसली. पिशवी मागे ठेवली, किल्ली फिरवली, पाय दाबला. गाडी धडधडत निघाली. तो तळ्याकाठच्या रस्त्याने आला, बोगद्यातून आला, समोरून येणाऱ्यांना हात केला, कारण तिथे प्रत्येकाला हात करायचा असतो. दारात येऊन त्याने पाय उचलला, इंजिन बंद पडलं. तो आत गेला, कॉफीचं पाणी ठेवलं आणि कपाटातून दोन कप काढले.

कप ओट्यावर ठेवल्यावर त्याचं त्यांच्याकडे लक्ष गेलं.

अकरा वर्षं हेच चाललं होतं. तो खुर्चीत वाचत बसलेला असे, कोपऱ्यावर इंजिनाची धडधड ऐकू आली की पुस्तकात बोट घालून उठे आणि कॉफी ठेवी. लोर्ना दारातून आत येईपर्यंत पाणी उकळलेलं असे. आज धडधड ऐकू आली, म्हणून त्याने कॉफी ठेवली. गाडी तोच चालवत होता, एवढंच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुसरा कप परत ठेवावा असं त्याच्या मनात आलं. पण हात पुढे झाला नाही. त्याला वाईट वाटलं का? वाटलं असावं. नक्की सांगता आलं नसतं. मग सावकाश दुसरी गोष्ट लक्षात आली: हार्लनची गाडी तर बॅटरीची. ती धडधडेल कशी?

तो बाहेर गेला. मागच्या जाळीत त्याची पिशवी होती, आणि शेजारी बायकी निळा स्वेटर, पेपरमिंटची अर्धी पुडी आणि काळा चष्मा.

तेवढ्यात हार्लनची खरी गाडी रस्त्यावरून बिनआवाज आली. सुकाणूवर एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई, आणि शेजारी हार्लन, लाजेने लाल झालेला.

"हा बघा तुमचा चोर," हार्लन म्हणाला.

"अहो, माझी गाडी चुकून नेणारे या वर्षातले तुम्ही चौथे!" बाई खाली उतरत म्हणाली. तिचं नाव ओटिली. "मागच्या आठवड्यात माझा पोपट वाऱ्याने उडाला. म्हटलं, दोन दिवसांत नवा आणते. तर ही तुमची गाडी आली वाट्याला. पाय दाबते तर आवाज नाही! मला वाटलं बिघडली. पुन्हा दाबला तर समोरच्या कुंडीवर चढले."

"कुंडीवर?" हार्लन ओरडला.

"कुंडीला काही झालं नाही, घाबरू नका. घर क्रमांक काचेखाली होता, म्हणून यांच्याकडे गेले. हे म्हणतात, मी माझी गाडी ओळखतो. बरं, ओळखता ना, मग बसा आता शेजारी."

"चूक माझी आहे," वेंडेल म्हणाला. "मला माफ करा. मी... माझं लक्ष नव्हतं."

"इतकं? ही केवढी ठणाणा करते! बहिऱ्यालासुद्धा कळेल."

वेंडेल म्हणाला, "कॉफी झालीय. दोन कप काढलेत. हार्लनला तिसरा काढतो."

ओटिली दुसऱ्या कपातून कॉफी प्यायली, दोन चमचे साखर घालून. लोर्ना साखर घेत नसे. कप रिकामा करून तिने तो स्वतःच विसळला, स्वेटर तपासला आणि धडधडत निघून गेली. वेंडेल पडवीत उभा राहून ऐकत होता. कोपरा वळेपर्यंत पायाखालच्या लाकडी फळ्या बारीक थरथरत होत्या.

बहिऱ्यालासुद्धा कळेल.

आर्डिथला कळायचं. ती याच पडवीत, याच फळ्यांवर पाय टेकून विणत बसायची. हाक मारा, भांडं पाडा, तिला पत्ता नसे. पण लोर्नाची गाडी कोपऱ्यावर वळली की ती सुया खाली ठेवून म्हणायची, "आली." वेंडेलने एकदा विचारलं होतं, तुला कसं कळतं? ती म्हणाली होती, "कानाला कशाला कळायला हवं? तळव्यांना कळतं. या घरात कुणी आलं-गेलं हे मला तेवढं एकच कळतं बघ."

त्याने खुर्चीशेजारचं पुस्तक उघडून पत्र काढलं. मग भिंतीवर आजची तारीख पाहिली. ऑक्टोबरची बावीस. ओहायोला पत्र जायला तीन-चार दिवस लागतात.

शुक्रवारी सकाळी गाड्यांचं दुकान उघडायच्या आधीच तो दारात उभा होता. विकणाऱ्याने पुन्हा पत्रकं काढली तशी वेंडेल म्हणाला, "ती नकोत. हॅडलीची, पेट्रोलची द्या."

"साहेब, सध्या सगळे बॅटरीचीच घेतात. आवाजच नाही हो."

"म्हणूनच नको." मग आपण फटकन बोललो असं वाटून तो ओशाळला. "म्हणजे, आवाज असलेला बरा. आणि पायरी केवढी उंच आहे? एक बाई चढणार आहे, तिचे गुडघे गेलेत."

विकणाऱ्याला पायरीची उंची माहीत नव्हती. वेंडेलने खिशातली पट्टी काढली आणि दुकानातल्या तिन्ही पेट्रोलवाल्या गाड्यांजवळ वाकून पायऱ्या मोजल्या. सगळ्यात ठेंगणी होती ती मळकट हिरव्या रंगाची होती. कुणी घेत नाही, म्हणून वर्षभर पडून असलेली. त्याने ती घेतली.

हार्लनने ती दारात पाहिली आणि कपाळाला हात लावला. "आठ दिवस माझी गाडी वापरलीस, आणि हे शिकलास? आणि हा रंग कसला! शेवाळावर बसल्यासारखं वाटेल."

"माझी मला ओळखता येईल," वेंडेल म्हणाला.

हार्लन गाडीभोवती एक फेरी मारून, चाकाला लाथ मारून निघून गेला.

रंग वेगळा होता तरी वेंडेल गॅरेजमध्ये गेला. लोर्नाच्या गाडीच्या सुकाणूवरच्या गाठी घट्ट बसल्या होत्या. सोडवायला बराच वेळ लागला. हातमोज्याला स्वयंपाकाचा जुना वास येईल असं त्याला वाटलं होतं. वास नव्हता. त्याने तो हिरव्या गाडीला बांधला. गाठ लोर्नासारखी आली नाही, पण बसली.

मग तो टेबलाशी बसला. पहिला कागद फाडला, कारण त्यात माफी फार मागितली होती. दुसरा फाडला, कारण त्यात माफी अजिबात नव्हती. तिसऱ्यावर लिहिलं:

'आर्डिथ, ये. सही करू नकोस. गाडी घेतली. पेट्रोलची आहे, हार्लन नाराज आहे. पायरी ठेंगणी आहे, मी स्वतः मोजली. चालवणार मीच, त्यामुळे सावकाश जाऊ. उशीर झाला. कळवायचं कसं ते कळत नव्हतं. वेंडेल.'

ओळ एक राहिली नव्हती, पण त्याने खोडलं नाही. पाकिटावर पत्ता घातला, तो मूळ पत्रावरच्या पत्त्याशी दोनदा ताडून पाहिला, तिकीट लावलं. मग त्याने पुस्तकात खुणेसाठी दुकानाचं एक पत्रक ठेवलं.

पेट्यांच्या छपराखाली दुपारी कुणी नव्हतं. वेंडेलने गाडी आडवी लावली, हे बरोबर नाही असं वाटून पुन्हा सरळ लावली, आणि उतरला. बाहेर जाणाऱ्या पत्रांची फट त्याच्या खांद्याच्या उंचीवर होती. त्याने पाकीट आत घातलं, अर्ध्यावर क्षणभर धरलं आणि सोडलं. आत ते दुसऱ्या कागदांवर पडल्याचा हलका आवाज आला.