देवाला न वाहिलेली फुले

मी एक जुने खुरपे आहे, मित्रांनो. मांजरी गावच्या लोहाराने मला ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यापासून घडवले आणि बाभळीची मूठ बसवली. असे पोलाद आता मिळत नाही. हे माझे मीच सांगते, कारण दुसरे कोणी सांगणार नाही.

वेणूबाईंच्या हातात मी वीस वर्षे उसातले तण काढले. मग हडपसरकडे संगणकाच्या कंपन्या आल्या आणि आमच्या उसाच्या जागी सोसायटी उभी राहिली. वेणूबाई तिथेच माळीकाम करू लागल्या. ज्या जमिनीतले गवत मी जन्मभर उपटले, तिथेच विकतचे गवत लावून त्याचे लाड करायचे! मला फार राग यायचा.

उन्हाळ्यात त्या हिरवळीसाठी टँकर मागवावे लागत. तिसऱ्या मजल्यावर श्रद्धाताई राहत. त्या संगणकाच्या कंपनीत होत्या. त्यांच्या गच्चीत कारल्याचा वेल फुलायचा, पण कारले एकही धरत नसे. सोसायटीच्या सभेत त्या म्हणाल्या, "इथे मधमाश्याच येत नाहीत. लॉन काढून बारमाही फुलझाडं लावू या. एकदा रुजली की वर्षानुवर्षं टिकतात, पाणीही कमी लागतं."

सेक्रेटरी हिंमतराव म्हणाले, "दोन वर्षं देतो. माश्या आल्या तर बाग. नाहीतर सगळीकडे फरशी. मग वेणूबाईंनाही काम उरणार नाही."

दुसऱ्याच दिवशी वेणूबाईंनी मला हातात घेऊन लॉन काढायला सुरुवात केली. आम्ही शेवंती, जास्वंद, कण्हेर लावली. झाडे फुलली, पण माश्या काही येईनात. त्याचे कारण रोज आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर घडत होते. उजाडायच्या आत हिंमतरावांच्या पत्नी कौशल्याबाई परडी घेऊन यायच्या. मागोमाग फिरायला निघालेली मंडळी पिशव्या काढायची. सात वाजेपर्यंत देवपूजेसाठी बाग साफ! सेक्रेटरीच्या बायकोला कोण बोलणार? आणि खोटे कशाला सांगू, वेणूबाईही दोन फुले पदराला बांधायच्या.

पहिले वर्ष असेच गेले. एका सकाळी वेणूबाई मला बाजूला ठेवून रिकाम्या झाडांकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "देवाला चालत न्हाई, तेच लावायचं."

कालव्याच्या कडेने त्यांनी अडुळशाच्या नि निर्गुडीच्या फांद्या आणि रानतुळशीचे बी आणले. पावसाळ्यात जुनी फुलझाडे काढून आम्ही हे सगळे लावले. हिंमतराव बघून म्हणाले, "अहो वेणूबाई, ही बाग आहे की काढ्याचं सामान?"

थंडीत रानतुळस फुलली, अडुळशाला पांढरे तुरे आले. कौशल्याबाई परडी घेऊन आल्या आणि सगळीकडे पाहून "एक फूल पूजेच्या कामाचं नाही," म्हणून परत गेल्या. आठवडाभरात मधमाश्या गुणगुणू लागल्या. माघात श्रद्धाताई सभेला चार कारली घेऊनच आल्या. मला आनंदाने रडू आले असते, पण लोखंडाला ते जमत नाही.

हिंमतराव कारले हातात घेऊन म्हणाले, "बाग जिंकली. पण आता ती आपोआप वाढते. मग वेणूबाईंची गरज काय? कंत्राटदाराचा माणूस महिन्यातून एकदा येईल."

वेणूबाई दाराशी उभ्या होत्या. पदर सावरत म्हणाल्या, "साहेब, उन्हाळ्यात ही झाडं वाळल्यावानी दिसत्यात. नवा माणूस मेली म्हणून उपटंल. कुठं हात लावायचा न्हाई, ते मला ठावं हाय."

हे ऐकून कौशल्याबाईच म्हणाल्या, "अहो, राहू द्या त्यांना. बागेला हात लावणारे आपण पुष्कळ आहोत, न लावणारं एक तरी माणूस असू दे."

वेणूबाई राहिल्या. मित्रांनो, या बागेत आता खुरपायचे काही उरले नाही, म्हणून तेव्हापासून मी पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगलेले आहे. वाईट वाटते, लपवत नाही. तुमच्या अंगणात झाडे लावाल तेव्हा सगळी फुले खुडू नका आणि वाळलेले दिसले म्हणून लगेच उपटू नका, एवढेच माझे मागणे. वेणूबाई रोज बागेला फेरी घालतात. महिन्यातून एकदा मला खाली काढून तेल लावतात आणि पुन्हा खिळ्याला अडकवतात. त्यांचे बरोबर आहे.