डेल्बर्टचा खालचा सूर

मित्रांनो, मी एक जुनी, गोल, तळहातात मावणारी शिट्टी आहे. पण खेळाच्या मैदानावर वाजते तसली मला समजू नका. माझ्या कडेला तेरा खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेमागे पितळेची एक पातळ पट्टी आहे. जी खाच फुंकाल तो सूर मी देते. गाणे सुरू होण्याआधी फक्त एकदा वाजायचे आणि मग खिशात गप्प बसायचे, एवढेच माझे काम. काम लहान आहे, पण माझ्यावाचून चार माणसे चार दिशांना जातील, हे मी जरा ऐटीत सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला, पण माझे खरे आयुष्य सुरू झाले ते विस्कॉन्सिनमधल्या एका लहान गावात, अर्लंड टॉलफ्सनच्या कोटाच्या उजव्या खिशात. अर्लंड शाळेची बस चालवायचा. उरलेला सगळा वेळ तो गाण्याचा होता. पूर्वी न्हाव्याच्या दुकानात पाळीची वाट पाहणारे लोक वाद्यांशिवाय चार आवाजांत गात. त्या गाण्याला अजूनही न्हाव्याच्या दुकानाचेच नाव आहे आणि अर्लंडला त्याचेच वेड होते. टपालवाला लीलंड मुख्य चाल गायचा. दातांचा डॉक्टर ऑर्विन तिच्या वर गायचा. गाई पाळणारा डेल्बर्ट क्रूगर सगळ्यांत खाली, आणि उरलेसुरले अवघड सूर अर्लंडच्या वाट्याला. त्या सुरांना कोणी टाळ्या वाजवत नाही. अर्लंडला त्याचे काही वाटत नसे.

चौघांची गाणी तोच बांधायचा. शिंपी माप घेऊन कोट शिवतो, तसा तो माणसाचा गळा ओळखून सूर लिहायचा. एका गाण्याच्या शेवटी त्याने डेल्बर्टसाठी इतका खालचा सूर लिहिला होता, की तो लागला म्हणजे खुर्च्या थरथरत. चार आवाज नेमके जुळले की वर कुठेतरी पाचवा आवाज ऐकू येतो. तो कोणीच गात नसते. त्या पाचव्या आवाजासाठी ही चार माणसे दर मंगळवारी अर्लंडच्या घरी पियानोभोवती जमायची. अर्लंडची बायको मार्विस चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. तिचे कान फार तिखट. "ऑर्विन, तू आज बुटात खडा असल्यासारखा गातोयस," असे ती स्वयंपाकघरातून ओरडायची, आणि ते खरेच असायचे.

आता मी माझ्या अपराधाकडे येते. तो सांगताना अजूनही माझ्या पट्ट्या आक्रसतात.

राज्याच्या स्पर्धेला जाताना अर्लंडने वाटेत घशासाठी लाल रेघांच्या पांढऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या घेतल्या आणि उघड्याच माझ्या शेजारी खिशात टाकल्या. गाडीच्या हादऱ्यांनी एक गोळी फुटली. तिचा बारीक कपचा माझ्या काळी दोन या सुराच्या खाचेत शिरला आणि पट्टीला चिकटून बसला. पट्टी जड झाली, सूर उतरला. स्पर्धेचे गाणे रंगमंचाआधी म्हणायचे नाही, असा त्यांचा नेम होता. पडद्यामागे त्यांनी दुसऱ्याच गाण्यावर, दुसऱ्याच सुरावर गळे मोकळे केले. त्यामुळे आणि मार्विस घरीच राहिल्यामुळे कोणाला काही कळले नाही.

रंगमंचावर अर्लंडने काळी दोन फुंकली. मी पांढरी दोन दिली. चौघेही माझ्यावर विश्वास ठेवून अर्धा स्वर खाली गेले. तिघांचे निभावले. पण शेवटी डेल्बर्ट आपल्या खालच्या सुरावर उतरू लागला आणि त्याच्या पायाखाली पायरीच नव्हती. त्याच्या तोंडून नुसती हवा आली. शेकडो माणसांपुढे!

परतीच्या गाडीत डेल्बर्ट टोपी डोळ्यांवर ओढून बसला. मला ओरडून सांगायचे होते, पण मला कोणी फुंकल्याशिवाय बोलता कुठे येते?

खरी चूक पुढच्या मंगळवारी झाली. अर्लंड मनाचा मऊ. मित्राला पुन्हा खाली मान घालावी लागू नये म्हणून त्याने कागदावरचा तो खालचा सूर खोडला आणि वरचा, सोपा सूर लिहून ठेवला. डेल्बर्टने कागद उचलला. रबराने घासलेली जागा त्याला लगेच दिसली.

"हे कधी केलंस?"

"अरे, काही नाही. म्हटलं, जरा सोपं पडेल तुला."

"म्हणजे माझं माप बदललं," डेल्बर्ट म्हणाला. त्याने कागद पियानोवर ठेवला, टोपी घातली आणि तो निघून गेला. त्या दिवशी गाणे झालेच नाही, पुढच्या मंगळवारीही नाही. मला टेबलाच्या खणात टाकले गेले.

मित्रांनो, खणात मी नऊ वर्षे होते. सोबतीला दोरा, मेणबत्त्या आणि एक तुटका चष्मा. अर्लंड आता गाणी बांधत नव्हता. मार्विस कधीकधी मुद्दाम पियानो उघडून ठेवायची. तो तसाच उघडा राहायचा.

मग एका फेब्रुवारीत मार्विस मेणबत्ती शोधत होती, तेव्हा मी तिच्या हाताला लागले. तिने मला पदराला पुसावे तसे एप्रनला पुसले आणि अर्लंडच्या हातात ठेवले. त्याने सवयीने काळी दोन फुंकली. गुणगुणायला तोंड उघडले.

"ही काळी दोन नव्हे," मार्विस म्हणाली.

"अगं, लिहिलंय की इथे!"

"लिहिलेलं असू दे. माझे कान काय मेले नाहीत." तिने पियानोची पट्टी दाबली आणि दाबूनच ठेवली.

अर्लंडने मला पुन्हा फुंकले. पुन्हा फुंकले. मग त्याने माझे झाकण उघडले आणि सुईच्या टोकाने तो कपचा काढला. पांढऱ्यावर लाल रेघ. त्याने तो ओळखला, स्पर्धेच्या दिवशीची पेपरमिंट. "मी त्याचा गळा तपासला गं," तो म्हणाला, "सूर नाही तपासला." आणि तो रडला.

चौदा फेब्रुवारीला तिकडे अशा चार-चार गायकांच्या चौकड्या लाल जाकिटे घालून घरोघरी गुलाब देतात आणि प्रेमाची गाणी म्हणतात. त्या दिवशी तिघेजण बर्फ तुडवत डेल्बर्टच्या गोठ्यात गेले. डेल्बर्ट दूध काढत होता.

"माझ्या बायकोला गाणंबिणं नको," तो वर न बघता म्हणाला.

"तिच्यासाठी नाही. गुलाब तुला आणलाय," अर्लंड म्हणाला.

"म्हातारपणी डोकं फिरलंय का तुझं?"

अर्लंडने कागदात गुंडाळलेला कपचा त्याच्यापुढे धरला आणि सगळे सांगितले. डेल्बर्टने दुधाची बादली बाजूला ठेवली. गाय शेपटी हलवत राहिली.

"नऊ वर्षं, अर्लंड," तो म्हणाला. "नऊ वर्षं मी चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवले."

अर्लंडने जुना कागद पुढे केला. घासलेल्या जागी तो खालचा सूर पुन्हा लिहिला होता, शाईने.

"आता नाही जमणार. एकाहत्तर झाली मला."

"नाही जमला तर ती जागा रिकामी राहील. पण तिथे दुसरं काही लिहिणार नाही मी."

मग अर्लंडने मला ओठांना लावले. मित्रांनो, आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते. मी काळी दोन दिली, खरी काळी दोन. तिघांनी सुरुवात केली. डेल्बर्ट हाताची घडी घालून उभा होता. दुसऱ्या ओळीला त्याची घडी सुटली. तिसऱ्या ओळीला कुठूनतरी खालून एक खरखरीत आवाज आला, अडखळला, परत आला. शेवटी तो पायऱ्या उतरू लागला. एक, दोन, आणि या वेळी पायरी जागेवर होती. दुधाच्या कॅनची झाकणे थरथरली. आणि वर, गोठ्याच्या आढ्यापाशी, पाचवा आवाज आला.

गाणे संपल्यावर डेल्बर्टने नाक पुसले आणि हात पुढे केला. "आण ती शिट्टी इकडे. तुझ्या खिशाचा भरवसा नाही."

तेव्हापासून मी त्याच्या खिशात असते. रुमालात गुंडाळलेली, गोळ्यांपासून लांब.

मित्रांनो, आमच्यासारख्या लहान वस्तू जपून ठेवा, अधूनमधून झाकण उघडून पुसा. आणि तुमच्या शेजारी गाणाऱ्याचा आवाज कधी कमी पडला, तर हाती रबर घेण्याआधी मला एकदा फुंकून बघा. मला चूक कबूल करायची असते, पण कोणी विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.