तिसरी रांग

होल्गेरने मोजपट्टीचं टोक टायरच्या खाचेत खुपसलं, डोळा बारीक केला आणि पट्टी बाहेर काढून अंगठ्याने पुसली.

"साडेतीन मिलिमीटर."

"म्हणजे चालतील," ओसा म्हणाली.

"तीनच्या खाली पोलीस धरतो. साडेतीनला मी धरतो." त्याने चाक बर्फात आडवं पाडलं आणि बुटाच्या टोकाने त्यावर टकटक केलं. "खिळे मोज. एकेका चाकात शंभरावर होते. आता माझ्या सासूच्या तोंडात दात आहेत तेवढे उरलेत."

"तुझ्या सासूला कवळी आहे," तुवा म्हणाली.

"तेच तर सांगतोय."

गेल्या हिवाळ्यातली ती चारही चाकं डिक्कीतून तुवानेच उतरवली होती. ओसाच्या दोन्ही दुखऱ्या मनगटांना आधाराचे पट्टे होते. तिने पहिल्या चाकाला हात घातला तेव्हा लेकीने तिला खांद्यानेच बाजूला सारलं, जरा जास्तच जोरात. सोळावं लागलं तेव्हापासून तुवाच्या अंगात बळ आलं होतं आणि ते कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं. सप्टेंबरात जिल्ह्याच्या स्की संघात तिची निवड झाली होती. तेव्हापासून ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची, आणि बोलायचीही तशीच, मधली पायरी गाळून.

बर्फ पहाटे पडला होता. तो दरवर्षी ऑक्टोबरात पडतो आणि दरवर्षी सगळं लोव्हट्रेस्क गाव चकित होऊन एकाच दिवशी होल्गेरच्या दारात उभं राहतं. अंगणात उन्हाळी टायरांवर कशाबशा घसरत आलेल्या गाड्या वाकड्यातिकड्या लागल्या होत्या. ओसाच्या हातातल्या चिठ्ठीवर चाकं बसवायचा नंबर होता, एकेचाळीस. आतल्या पाटीवरचा लाल आकडा सव्वीसवर होता.

"रिमही गेल्या," होल्गेर म्हणाला. कडेचा गंज त्याने नखाने खरवडला तसा तो पापुद्र्यासारखा निघाला. "इथून हवा सुटते. गेल्या हिवाळ्यात किती वेळा भरलीस?"

"आठवड्याला एकदा."

"आणि तशीच म्हाताऱ्यांकडे हिंडलीस."

"म्हातारे काही माझ्याकडे येत नाहीत," ओसा म्हणाली.

पालिकेच्या नोकरीत तिला बावीस वर्षं झाली होती. रोज सहा-सात घरं, घराघरांत एकेक म्हातारं माणूस. त्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, पायांवर घट्ट मोजे चढवायचे, गोळ्या द्यायच्या, दार ओढून घ्यायचं, पुढच्या घरी जायचं. आज ती पहाटे साडेपाचला कामावर निघाली होती आणि तिथून थेट तुवाच्या शाळेच्या फाटकाशी आली होती.

दुकानात टायरांच्या तीन रांगा होत्या. दाराशी खिळ्यांचे, गोठलेल्या रस्त्यावर पकड धरणारे. गावातल्या बहुतेक गाड्यांना हेच. त्यामागे बिनखिळ्यांचे, पण बर्फासाठीच केलेले. होल्गेर म्हणायचा, हे फक्त पाद्री घेतो, कारण त्याची वरपर्यंत ओळख आहे. आणि तिसरी रांग भिंतीलगत. तिला रांग म्हणायचं इतकंच. चारच टायर होते. रुंद, सरळ खाचांचे, पाणी कापून बाजूला टाकणारे. खाली दक्षिणेत, जिथे हिवाळा म्हणजे चार महिने पाऊस आणि चिखल, तिथल्या रस्त्यांसाठी. लोव्हट्रेस्कमध्ये ते घेणारा माणूस राहायला येत नाही, जायला निघालेला असतो. गेल्या वर्षी शाळेतल्या गणिताच्या बाईंनी घेतले, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. त्यांनी मुख्याध्यापकांना सांगायच्या आधी.

ओसा पहिली रांग ओलांडून गेली. दुसरीही. तिसऱ्या रांगेपाशी ती थांबली आणि तिने पट्टा बांधलेला हात वरच्या टायरवर ठेवला. टेकायला ठेवतात तसा.

"आई, इकडे," तुवा म्हणाली.

"बघतेय नुसती."

"तिथे काय बघायचंय?"

ओसाने हात काढून घेतला.

तीन आठवडे हेच चाललं होतं. दक्षिणेतल्या लुंडहून इंगेर मावशीचा फोन आला होता. तिच्या दवाखान्यात जागा निघाली होती, खुर्चीवरची. दुसऱ्यांच्या पाळ्या लावायच्या, फोन घ्यायचे, साडेचारला घरी. मनगटांना काही उचलावं लागणार नाही. उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं आणि आज गुरुवार होता. तुवाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं: मी येणार नाही. लुंडमध्ये मी स्की कशावर करू, छत्री घेऊन डबक्यावर? तू जा, मी इथे होल्गेरकडे राहीन, टायर विकेन. तिचे मुद्दे चांगले असायचे, ते तिला माहीत होतं, आणि ती ते जेवताना एकामागून एक टेबलावर मांडायची. ओसा म्हणायची, "बरं." मग उठून बशा मशीनमध्ये लावायची, दोन्ही हातांनी एकेक.

"मग ठरलं का?" होल्गेर वही घेऊन आला.

ओसाने तुवाकडे पाहिलं नाही. "खिळ्यांचे दे. नेहमीचे."

तुवा लगेच भिंतीवर टांगलेल्या रिमांकडे वळली.

"शहाणी बाई," होल्गेर म्हणाला. "पाच हिवाळे निघतील. आणि रिम?"

"काळ्या," तुवा म्हणाली. "त्या वरच्या. पाच दांड्यांच्या."

"त्या चकचकीत? तुझी आई म्हाताऱ्यांना गोळ्या द्यायला जाते, शर्यतीला नाही."

"तुझ्या दुकानात येणारी एक तरी गाडी बघण्यासारखी असू दे की."

"घेऊ दे तिला हव्या त्या," ओसा म्हणाली. "पाच म्हणालास?"

"पाच. हळू चालवलीस तर सहा."

"पाच," ओसा स्वतःशी म्हणाली आणि खिडकीखालच्या खुर्चीत जाऊन बसली.

लाल आकडा तेहतीसवर आला. तुवाने यंत्रातून दोन कप कॉफी आणली, आईच्यात दूध, आपल्यात साखर. ओसाने कप घेतला तोच फोन वाजला.

"हो एल्विरा. हो, मीच." तिचा आवाज बदलला, हळू आणि गोल झाला. "डोक्यावर बघ. नाही, टेबलावर नाही, तुझ्या डोक्यावर. हात लाव. सापडला चष्मा? मग झालं तर. नाही गं, त्रास कसला."

"कामावर नसताना तिला नंबर का देतेस?" तुवा म्हणाली. "आज चौथ्यांदा."

"पाचव्यांदा. तिला कोण आहे?"

"तुला कोण आहे?"

ओसा हसली. "तू आहेस ना." कॉफीचा एक घोट घेऊन तिने कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

तुवाने फोन काढला. संघाच्या गटावर कोणीतरी पहाटेच्या बर्फाचा फोटो टाकला होता. शनिवारी सराव, सगळ्यांनी या. तिने तीन अंगठे पाठवले, मग आणखी एक. मान वर केली तेव्हा आई झोपलेली होती.

बसल्या बसल्या, मान भिंतीला टेकून, तोंड जरा उघडं. चिठ्ठी हातातून मांडीवर पडली होती. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने आवाज न करता आपले पाय आत घेतले.

तुवाला आधी लाजच वाटली. लोकांसमोर अशी. ती तिला हलवणारच होती, इतक्यात ओसा बोलली.

"उजवा हात आधी."

तुवा थांबली.

"हं. आता डावा. सावकाश, घाई नाही." ओसाचे डोळे मिटलेलेच होते. पट्ट्याबाहेरची बोटं मांडीवर हलत होती, कोणाची तरी बाही पुढे ओढावी तशी. "झालंच. आता उभं राहायचंय. माझ्यावर भार टाक. टाक सगळा."

तिचे खांदे ताठ झाले. क्षणभर त्यांनी काहीतरी पेललं आणि मग ते पुन्हा खाली आले.

तुवाची खोली माळ्यावर होती. आई झोपेत बोलते हे तिला ठाऊक नव्हतं. घरी रोज बोलते की आजच, हेही तिला ठाऊक नव्हतं. ती फोन हातात धरून बसली. तो दोनदा थरथरला, पण तिने पाहिलं नाही. लाल आकडा अडतीस झाला. एकोणचाळीस. ओसा आणखी एका कोणाला तरी उठवून बसवत होती.

एकेचाळीसला होल्गेर स्वतःच बाहेर आला, कानामागे पेन्सिल. त्याने ओसाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"झोपू दे तिला. तू सही कर नुसती. खिळ्यांचे चार, काळ्या रिमा चार, बसवून."

तुवाने पेन्सिल घेतली. मग ती उठली आणि त्याला दाराशी घेऊन गेली.

"ते नको."

"रिम? बदल की."

"टायर. तिसऱ्या रांगेतले दे."

होल्गेरने टोपी मागे सारून कपाळ खाजवलं. बाहेर कोणाची तरी गाडी जॅकवर चढत होती.

"हे तू ठरवायचं नाही, तुवा."

"इतके दिवस मीच ठरवत होते."

"पैसे तिचे आहेत."

"तिने हात कुठे ठेवला होता, पाहिलंस ना तू?"

त्याने पाहिलं होतं. टायरवाल्याला ग्राहकाचा हातच आधी दिसतो. तो वहीत बघत राहिला.

"आणि ते टायर लावून ती इथे पहिल्याच वळणावर खड्ड्यात जाईल, त्याचं काय?"

"आत्ता जुने लाव. साडेतीन आहेत ना. महिनाभर चालतील, हवा मी भरेन. नवे डिक्कीत टाक, उन्हाळी इथेच ठेव."

होल्गेरने एक ओळ खोडली. "ती नको म्हणाली तर उद्या सकाळी परत आणायचे. मी काही विचारणार नाही." तो जरा थांबला. "आणि तुझ्या त्या काळ्या रिमा?"

"तिकडे रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात ना?"

"पोत्यांनी. दोन हिवाळ्यांत सोलून निघतात."

"मग लोखंडी दे. साध्या."

होल्गेरने तेही लिहिलं. काही विनोद करावा असं त्याला वाटलं असावं, कारण त्याने तोंड उघडलं होतं. ते मिटून तो गॅरेजमध्ये गेला.

ओसा जागी झाली तेव्हा आकडा पंचावन्नवर होता. तिने दचकून चिठ्ठी शोधली, केस मागे केले. "गेला का नंबर? उठवायचं नाही का?"

"झालं सगळं. गाडी बाहेर आहे."

"मी घोरत होते?"

"थोडीशी."

अंगणात उजेड कमी होत चालला होता. ओसा गाडीपाशी आली, पुढच्या चाकापाशी वाकली आणि तशीच राहिली.

"हे तर आपले जुनेच."

तुवाने डिक्कीकडे बोट दाखवलं. ओसा मागे गेली आणि तिने डिक्की उघडली. मागची सीट पाडून चार चाकं एकावर एक दोन-दोन अशी रचलेली होती, साध्या काळ्या लोखंडी रिमा, टायरांवर रुंद सरळ खाचा. तिने एका खाचेत बोट घातलं आणि ते टोकापर्यंत फिरवलं. गॅरेजच्या दारात होल्गेर कुठल्यातरी गाडीखाली वाकला होता. त्या गाडीखाली करण्यासारखं फार काही नव्हतं, तरी तो वर आला नाही.

"तुवा."

"तो म्हणाला, नको असतील तर उद्या परत घेईन."

ओसा डिक्कीच्या कडेवर टेकली. तिने उजव्या मनगटाचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पहिल्याहून घट्ट. रस्त्यावरून बर्फ लोटणारी गाडी गेली. ती चर्चच्या वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत दोघी तिच्याकडे बघत राहिल्या.

"इंगेरकडे तळघर नाही," ओसा अखेर म्हणाली. "तुझ्या स्की ठेवायला कुठेतरी जागा बघावी लागेल. ओल्या जागी ठेवल्या तर वाकतात."

तुवाने मान डोलावली. तिने दाराच्या कप्प्यातून खरवडणी काढली आणि ती समोरची काच खरवडू लागली, वरून खाली, वरून खाली, पूर्ण जोर लावून. काच होल्गेरने केव्हाच साफ करून ठेवली होती. ओसाने डिक्की लावली आणि तिचं होईपर्यंत ती शेजारी उभी राहिली.