कुंकवाचे पट्टे

यंत्र काही केल्या बोलेना.

पुण्यातल्या त्या मोठ्या दुकानाच्या मागच्या दारी, जिथं माल उतरवून घेतात, तिथं रंभा चटणीची खोकी घेऊन उभी होती. समोरची पोरगी हातातलं यंत्र पाकिटावरच्या पट्ट्यांवर धरून दाबत होती. लाल उजेड पडायचा, पट्ट्यांवर थरथरायचा आणि विझायचा. शेजारच्या रांगेतून बिस्किटं टिक टिक करत आत चालली होती. साबण गेले. कुणाचे तरी पापडसुद्धा गेले. रंभाचं पाकीट मात्र पुसून झालं, उलटं धरून झालं, दुसऱ्या खोक्यातलं काढून झालं, तरी यंत्र ढिम्म.

"ताई, हे पट्टे लाल का छापले?" पोरीनं विचारलं. गौतमी तिचं नाव. माल घ्यायचा की परत पाठवायचा हे तिच्या हातात होतं.

"लाल हायेत खरं," रंभा म्हणाली. सकाळी खोकी भरताना तिच्याही नजरेला ते आलं होतं. आपण छापखानेवाल्या शाकीरला काळे सांगितले होते, हेही आठवलं होतं. पण टेम्पो दारात उभा, आणि लाल लेबल दिसायला झकास. पट्टे ते पट्टे, रंगानं काय होतंय, असं म्हणून तिनं दोरी आवळली होती.

"ह्या यंत्राचा उजेड लाल असतो. लाल उजेडात लाल शाई आणि पांढरा कागद सारखाच दिसतो. ह्याच्या लेखी तुमचं पाकीट कोरं आहे."

"आगं, पण नंबर खाली आकड्यांत हाय की. हातानं टाक."

"आज मी टाकीन. उद्या काउंटरवर गर्दी असताना कोण टाकणार? एक आकडा चुकला तर तुमची चटणी बिलावर फिनेल म्हणून उमटायची."

रंभाला वाटलं, खोकी तिथंच आपटावीत. गौतमीनं पाकीट उघडून चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली आणि डोळे बारीक केले. "मी दौंडची आहे. आमच्या बाजारात एक आजी अशीच चटणी विकायची."

"त्याच आमच्या आत्याबाई!" रंभा उसळून म्हणाली. "मंग घे की माल. तुला तर ठावंच हाय चटणी."

"मला ठाऊक आहे. हे पाकीट नागपूरच्या दुकानात गेलं तर तिथल्या माणसाला कुठं ठाऊक असणार? त्याला फक्त हे पट्टे." तिनं पाकीट परत दिलं. "पुढच्या गुरुवारी या. त्या दिवशीही वाचलं गेलं नाही, तर तुमच्यासाठी राखलेली दुकानातली फळी दुसऱ्या चटणीला जाईल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

खोकी परत टेम्पोत चढली. रंभा टेम्पोवाल्याच्या शेजारी बसली आणि वाघोली येईपर्यंत ते लाल पट्टे नखानं खरवडत राहिली. त्या एका फळीसाठी तिनं सणसवाडीच्या कंपनीतली नोकरी सोडली होती. फळी मिळाली असती तर दर आठवड्याला ठरलेला माल गेला असता, आणि सासूला गुडघे धरून शिरूर-दौंडच्या बाजारात उन्हात बसावं लागलं नसतं. धुरपदाचे गुडघे आता एसटीची पायरीसुद्धा चढू देत नव्हते. पण हे त्या म्हातारीला सांगणार कोण? "मी बाजारात बसले न्हाई तर लोक चटनी कुनाची म्हून घेत्याल?" हे तिचं एकच पालुपद.

पट्ट्यांखालचा नंबर मिळवताना रंभाच्या नाकी नऊ आले होते. शिरूरमध्ये तोवर पट्टे म्हणजे नक्षी, असाच सगळ्यांचा समज. शाकीरच्या प्रेसमध्ये एका शाम्पूच्या पुडीवरून उतरवलेले पट्टे तयार होते. कुणी पेंड आणो, कुणी उदबत्ती, शाकीर तेच पट्टे सगळ्यांना चिकटवायचा. माल एक्स्पोर्टचा दिसतो म्हणून गिऱ्हाईक खूश. एका हौशी बापानं तर मुलाच्या लग्नपत्रिकेवर टाकून घेतले होते. म्हणजे यंत्राला विचारलं असतं तर नवरदेव शाम्पू निघाला असता.

रंभानं हे बघून डोक्याला हात लावला होता. ती कंपनीत पॅकिंगला होती. तिथं एकदा नटांच्या पेटीवर बोल्टाचं स्टिकर लागलं आणि पुढची सगळी लाइन बंद पडली. पेटी उघडून कुणी बघत नसतं, वरचं स्टिकर बघतात, आणि त्याच भरवशावर माल ह्या गावातून त्या गावात, ह्या देशातून त्या देशात जातो, हे तिला तेव्हा कळलं. म्हणून तिनं नंबर रीतसर मागवला. सुरुवातीचे आकडे देशाच्या संस्थेचे, पुढचे आपल्या गृहउद्योगाचे, मग ह्या चटणीचे, आणि शेवटचा आधीच्या आकड्यांची चूक पकडणारा. अख्ख्या जगात तो नंबर दुसऱ्या कशाला नाही. पाकीट मोठं केलं तर नंबर वेगळा, शेंगदाण्याऐवजी जवसाची केली तर नंबर वेगळा. घरात बायका चटणी भरायला बसल्या की ती प्रत्येकीला ऐकवायची, "आत जे हाय त्येच वर पायजे. नंबरानं खोटं बोलायचं न्हाई." ऐकून ऐकून बायकांचे कान किटले होते. धुरपदाचे तर सगळ्यात जास्त.

शिरूरला उतरल्या उतरल्या ती शाकीरच्या प्रेसमध्ये घुसली आणि लेबलांचा गठ्ठा टेबलावर आदळला.

"काळं सांगितलं हुतं ना तुला? काळं!"

शाकीर गडबडून उभा राहिला. "भाभी, माझ्यावर कशाला तापता? धुरपदामावशी आल्या हुत्या. त्याच म्हनल्या लाल कर."

"आत्याबाई? इथं? त्यांना दारातून वट्यावर येववत न्हाई!"

"रिक्षा करून आल्या. लेबल कसं दिसतंय ते बघायला. मी वाचून दाखवलं सगळं. रंभा शेंगदाणा चटणी, वजन, शिरूरचा पत्ता, समदं. आमच्या बुशरानं चहा दिला, तो मावशींनी तसाच ठिवला. मंग म्हनल्या, नव्या धंद्याला काळं नको, पट्टे कुंकवाच्या रंगात कर. आता मावशीचं मन मी मोडू का?"

"तुला काय वाटलं, रांगोळी हाय व्हय ती?"

"मला काय ठावं यंत्राला लाल दिसत न्हाई! माणसाला तर लालच आधी दिसतं," शाकीर म्हणाला, आणि त्याचंही चूक नव्हतं. म्हणून रंभाचा राग आणखीच वाढला. चूक कुणाची म्हणावी तर एकाचीही धड सापडेना. ज्याला त्याला पाकिटाचं भलंच करायचं होतं.

घरी धुरपदा ओसरीवर शेंगदाणे पाखडत बसली होती. खोकी परत आलेली तिनं पाहिली आणि सूप खाली ठेवलं.

"घेतलं न्हाई व्हय?"

"कसं घेत्याल? तुम्ही कुंकू फासलंय त्याला!" रंभानं पायातल्या चपला भिरकावल्या. "दिल्लीपस्तोर कागद धाडले मी. नंबर आनला. आन् तुम्ही रिक्षात बसून गेला आन् समद्यावर पानी पाडून आला. मला इचारायचं तरी! त्या मशीनला दिसतच न्हाई लाल. कोरं दिसतं पाकीट, कोरं!"

"नव्या कामाला काळं लावत न्हाईत."

"ह्ये लगीन न्हाई आत्याबाई, ह्यो माल हाय! काळेच पट्टे पायजेत."

"तीस वरसं चटनी विकली म्या," धुरपदा शांतपणे म्हणाली. "दौंडात रेल्वेतली मान्सं डबा घिऊन यायची. कुनी मला नंबर पुसला न्हाई. त्वांड बघून घ्यायची."

"तुमचं त्वांड नागपूरला कसं धाडू? सांगा, कुठल्या पाकिटात घालू? म्हून तर नंबर. कितीदा सांगू, आत जे हाय त्येच वर, नंबर खोटं बोलत न्हाई, म्हून लोक भरवसा..."

"मंग तुझा नंबर खोटा हाय."

रंभा गर्रकन वळली.

"काय म्हनला?"

"चटनी कोन करतं? मी. मीठ कुनाच्या हातचं? माझ्या. वर नाव कुनाचं? शाकीरनं वाचलं. रंभा." धुरपदानं सूप परत उचललं. "आत म्या आन् वर तू. तूच म्हंतीस ना, आत जे हाय त्येच वर पायजे म्हून? मंग ह्ये काय हाय? मला लिवता येत न्हाई, पर ऐकू येतंय."

नोंदणीच्या कागदावर मालाचं नाव विचारलं होतं, तेव्हा रंभानं घटकाभर विचार केला होता, तो तिला आता लख्ख आठवला. धुरपदा हे म्हाताऱ्या माणसांचं नाव, शहरातल्या बायका नाक मुरडतील, रंभा कसं सुटसुटीत. सासूला सांगायचंसुद्धा तिच्या मनात आलं नव्हतं. आपण वाईट केलं असं तेव्हा वाटलंच नव्हतं, आणि आता लाज वाटत होती, आणि लाज वाटतेय म्हणून पुन्हा राग येत होता. कारण आता काय काय करावं लागणार हे तिला बरोबर कळत होतं.

तिनं कोपऱ्यावरच्या बूथवरून गौतमीला फोन लावला.

"नुसतं नाव बदलायचं हाय. नंबर त्योच ठिवला तर?"

"नाही चालणार, ताई," गौतमी पलीकडून म्हणाली. "नाव बदललं की गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं माल नवा, म्हणजे नंबरही नवा. तुमच्याच आकड्यांतला पुढचा घ्या, मालाची माहिती नव्यानं भरून पाठवा, लेबल नवं छापा. आणि जुना नंबर पुन्हा कशालाच वापरू नका."

"आगं, चटणी तीच हाय!"

"चटणी तीच आहे, पण पाकीट काय म्हणतंय ते बदललं ना."

नव्यानं माहिती, नवं लेबल, पट्टे नवे, सगळं गुरुवारच्या आत. रंभानं रिसिव्हर ठेवला आणि बूथवाल्यासमोरच मोठ्यानं म्हणाली, "ह्या म्हातारीनं माझा जीव घ्यायचं ठरिवलंय." तरी पाय आपोआप शाकीरच्या प्रेसकडे वळले. नवरा नवनाथ पाटसला साखर कारखान्यावर ट्रॅक्टरनं ऊस ओढत होता, त्याला निरोप धाडला असता तर तो म्हणाला असता, राहू दे की जुनंच नाव. म्हणून तिनं निरोपही धाडला नाही.

शाकीरला तिनं नवा नंबर आणि नवं नाव दिलं. वर लाल अक्षरात "धुरपदा शेंगदाणा चटणी", खाली पट्टे. "आन् पट्टे काळे," ती बोट नाचवत म्हणाली. "कुनीबी आलं, चहा प्यालं, रडलं, तरी काळे."

दोन दिवसांनी लेबलं आणायला गेली, तर शाकीर तोंड लपवून हसत होता.

"मावशी परत यून गेल्या."

"आता कुठला रंग? हिरवा?"

"न्हाई भाभी. नाव वाचून घेतलं. दोनदा वाचायला लावलं. मंग म्हनल्या, पट्टे काळेच कर, आन् चांगले गडद कर."

रंभाला पटलं नाही. तिनं गठ्ठा सोडून लेबलं उजेडात धरून बघितली. पट्टे कोळशासारखे काळे होते. म्हातारीच्या डोक्यात काय शिजतंय ते मात्र कळेना, आणि विचारायला वेळ नव्हता, गुरुवार उद्यावर आला होता.

गुरुवारी धुरपदा टेम्पोत चढूनच बसली. गुडघ्याचं काय, उन्हाचं काय, रंभानं सगळं सांगून पाहिलं. "माझं नाव घिऊन चाललीस आन् मला घरी ठिवतीस?" म्हातारी म्हणाली. रंभानं हात टेकले.

मागच्या दारी गौतमीनं पाकीट उचललं. लाल उजेड पट्ट्यांवर पडला.

टिक.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली. गौतमीनं ती वाचून दाखवली, "धुरपदा शेंगदाणा चटणी, शिरूर." मग तिनं टेम्पोच्या कडेला बसलेल्या म्हातारीकडे नीट बघितलं. "आजी, दौंडला रेल्वेच्या फाटकाजवळ बसायच्या त्या तुम्हीच ना?"

धुरपदानं तिच्याकडे लक्षच दिलं नाही. ती यंत्राकडे बघत होती. "परत कर," ती म्हणाली.

टिक.

"आनखी येक डाव."

"आजी, तीन पाकिटं धरली जातील हो," गौतमी हसायला लागली. तरी तिनं पुन्हा केलं, आणि मग पडद्यावरचे आकडे बसून दुरुस्त केले. खोकी आत गेली. दर आठवड्याचा माल ठरला. टेम्पोवाल्याला पुण्यातच दुसरं भाडं मिळालं, म्हणून सासूसुना एसटीनं परत निघाल्या. रंभानं म्हातारीला काखेत हात घालून पायरी चढवली आणि खिडकीशी बसवली.

कोरेगाव मागं पडलं, तरी रंभाच्या मनातलं जाईना. शेवटी तिनं विचारलंच.

"आत्याबाई, आधी म्हनला नव्या कामाला काळं नको. मंग शाकीरकडं जाऊन काळंच कर म्हून सांगून आला. ते कसं काय?"

धुरपदानं पिशवीतून एक पाकीट काढलं होतं. आपल्या नावावरून ती अंगठा फिरवत होती. नावाची अक्षरं कुठं संपतात ते तिला कळत नव्हतं, पण पट्टे कुठं सुरू होतात ते कळत होतं.

"ल्हान लेकराला तीट कशापायी लावत्यात?"

"नजर लागू नये म्हून."

"कुनाच्या लेकराला लावत्यात?"

"आपल्याच की."

"मंग?" धुरपदा पाकीट पिशवीत ठेवत म्हणाली. "तवा पाकीट तुझं हुतं."