एर्लिंदा गिऱ्हाईक होते

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर एर्लिंदा तेपिक शहरात धाकट्या बहिणीकडे जाऊन राहिली, ती पार उन्हाळा सरेपर्यंत. विस्तवापुढे उभं राहणं आता कायमचं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती किनाऱ्यावरच्या आपल्या गावी परतली तेव्हा खानावळ सुनेच्या हाती व्यवस्थित चालली होती. येसेनियानं पहिल्याच रविवारी सासूला सांगून टाकलं, "आई, आज तुम्ही मागे यायचं नाही. समोर खुर्चीत बसायचं आणि चार लोकांसारखं जेवायचं."

"मी? माझ्याच खानावळीत?"

"मग काय शेजारच्यांच्या खानावळीत बसणार? चला."

पाटीवर नाव नवऱ्याचं होतं, 'फाउस्तोची मासळी'. फाउस्तो हयात होता तेव्हा दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा छाटायचा. मासा भाजायची ती एर्लिंदा, मागच्या बाजूला, झावळ्यांच्या कुडाआड. जन्म त्या धुरात गेला. वाळूतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ती आज बसली आणि हातांचं काय करावं तेच तिला कळेना. तिनं लिंबाची वाटी सरळ केली. मिठाची बरणी पुसली. टेबल जरा डुगडुगत होतं, म्हणून वाकून पायाखाली शिंपला सारायला गेली तर गुडघ्यानं आठवण करून दिली.

मग तिनं मान वर केली. समोर समुद्र होता. तो तिथेच असतो हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच, पण जेवणाच्या वेळचा समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. दुपारच्या उन्हात तो नुसता चकाकत होता. पाणकोळी एकामागून एक धपाधप पाण्यात पडत होते. लांब कुठेतरी बँडवाले कुणाच्या तरी टेबलाशी उभे राहून ट्यूबा घुमवत होते. लोक हे असं बघत जेवतात तर, तिच्या मनात आलं.

खांद्यावर फडकं टाकून मुलगा आला. "काय घेणार, बाईसाहेब?"

"नाटकं पुरेत, रुतिलिओ."

"तांबोशी भाजायला सांगू? आजचीच आहे."

"आजची आहे ते मला शिकवतोस? येताना तिचे डोळे बघून आलेय मी."

रुतिलिओ हसत आत गेला आणि थोड्या वेळानं परत आला तो एका जोडप्याला घेऊन. रविवार असल्यामुळे सगळी टेबलं भरली होती. "आई, यांना इथे बसू देतेस ना?" असं तो तिच्या कानाशी पुटपुटला आणि उत्तराची वाट न बघता पळाला.

दोघं साठीच्या पुढची. नवरा जाडजूड, कडक इस्त्रीचा शर्ट घामानं भिजलेला. बायको बारकीशी, हातात पंखा.

"सावकाश होऊ द्या तुमचं," बायको बसता बसता म्हणाली. "मी ओफेलिया. हे आन्सेल्मो. तुम्हाला अडचण नाही ना झाली?"

एर्लिंदानं हसून मान हलवली. रुतिलिओनं मक्याच्या कुरकुरीत तोर्तियांवर लिंबात मुरवलेली कोळंबी आणून ठेवली. आन्सेल्मोनं घास घेतला, डोळे मिटले आणि मग बोलायला लागला. त्याला बोलायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

"आम्ही इथली जुनी गिऱ्हाइकं हो. मधे बरीच वर्षं येणं झालं नाही. पूर्वी आत एक बाई होती. दिसायची नाही कधी, नुसती ऐकू यायची."

"अहो, हळू," ओफेलिया म्हणाली.

"हळू काय? खरं ते सांगतोय. बाईंनाही कळू दे. मासा असा भाजायची, की बोटं चाटत बसावं. पण मीठ! घरी पोचेपर्यंत माझी तहान भागायची नाही."

एर्लिंदाच्या हातातली तोर्तिया तोंडाशी जाता जाता थांबली.

"आणि तोंड तर विचारू नका," आता ओफेलियालाही राहवेना. "एकदा यांनी मासा जरा कच्चा आहे म्हणून परत पाठवला. तर कुडाआडून आवाज आला, 'कच्चा आहे? मग समुद्रात सोडू का, पोहेल अजून!' सगळी खानावळ हसली. हे लाल!"

एर्लिंदाला ते लख्ख आठवलं. मासा कच्चा नव्हता, हेही आठवलं. पण आपण तोंड उघडलं की आवाज ओळखणार, म्हणून ती अगदी देवळात बोलावं तशी पुटपुटली, "मग तरी यायचात?"

"यायचो ना," आन्सेल्मो म्हणाला. "दर खेपेला ठरवायचो की बास, आता नाही. आणि पुन्हा इथेच."

"बाई, तुमचा घसा बसलाय का?" ओफेलियानं काळजीनं विचारलं. "मधात लिंबू पिळून घ्या."

एर्लिंदानं घशाला हात लावून होकार दिला. आतल्या आत तिला हसूही येत होतं आणि झोंबतही होतं. खारट! मोठा आला चव कळणारा. तिचं लक्ष आपसूक मागच्या कुडाकडे गेलं. वाऱ्यानं झावळी बाजूला झाली होती आणि फटीतून चूल दिसत होती. खारफुटीच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर जाळीत दाबलेला मासा होता. येसेनिया पाठमोरी उभी राहून मासेवाल्याशी बोलत होती. तेवढ्यात चरबी गळली आणि जाळ भसकन वर आला.

"येसेनिया! जाळी! जाळी फिरव, पोरी, लोकांना कोळसा खायला घालणार आहेस का!"

ट्यूबासुद्धा थांबला. मग टोकाच्या टेबलावरून एक म्हातारा कोळी बाटली उंचावून ओरडला, "आली रे, एर्लिंदा आली! मी म्हटलं, आज जेवण इतकं शांत कसं!" सगळीकडे टाळ्या पडल्या. आतून येसेनियाचा आवाज आला, "फिरवली, आई, फिरवली! तुम्ही गिऱ्हाईक आहात आज!"

आन्सेल्मोच्या मानेपासून कानापर्यंत रंग चढत गेला. ओफेलियानं पंखा तोंडावर धरला होता, पण तिचे खांदे गदागदा हलत होते.

एर्लिंदा त्याच्याकडे वळली आणि आपल्या नेहमीच्या आवाजात तिनं विचारलं, "खारट होता?"

त्यानं एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. "होता," तो म्हणाला. "आता तुम्ही मला इथून हाकललंत तरी होता."

तो सारवासारव करता तर ती खरंच भडकली असती. "आणि त्या दिवशीचा मासा कच्चा नव्हता," ती म्हणाली.

"नसेल," आन्सेल्मो म्हणाला. "त्या दिवशी माझंच जरा डोकं फिरलेलं होतं."

"जरा?" ओफेलिया म्हणाली आणि आता ती उघड उघड हसायला लागली.

तांबोशी येसेनियानं स्वतः आणली. एक कड काळी पडली होती. तिनं ताट ठेवताना ती कड आपल्या बाजूला वळवली. एर्लिंदानं पाहून न पाहिल्यासारखं केलं. तिनं त्या दोघांनाही ताटात हात घालायला लावला, मधला गुबगुबीत तुकडा तोर्तियात घेतला, लिंबू पिळलं आणि खाल्ला.

आयुष्यभर ती जेवली होती ती सगळे उठून गेल्यावर, उभ्यानं, शेपटीकडचा उरलासुरला गार मासा. एवढा गरम तुकडा, बसून, घाई नसताना, तिच्या तोंडात पहिल्यांदाच जात होता. वरची तिखट कड कुरकुरीत आणि आत नुसतं लोणी. मीठ कमी होतं. आंबट संत्र्याचा रस होता, जो ती कधी घालत नव्हती. तिनं दुसरा घास घेतला, खात्री करायला. मग तिसरा, आवडला म्हणून.

येसेनिया ओल्या हातांनी एप्रन चुरगळत तिथेच उभी होती.

"मीठ कमी केलंस," एर्लिंदा म्हणाली.

"हो, आई."

"कधीपासून?"

येसेनियानं वाळूकडे पाहिलं. "तुम्ही तेपिकच्या बसमध्ये बसलात, त्याच दिवशीपासून."

"एक आठवडा तरी थांबायचं होतंस गं! माणूस गावाबाहेर पडलं नाही तोवर!"

आन्सेल्मोला ठसका लागला. ओफेलियानं त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. येसेनियाला मात्र हसावं की रडावं तेच कळत नव्हतं. एर्लिंदानं तिचं मनगट धरून तिला जवळ ओढलं. मनगटावर भाजल्याचा ताजा डाग होता. तिच्या स्वतःच्या हातावर तसल्या डागांची रांगच होती.

"चांगला झालाय," ती हळूच म्हणाली. हा हळू आवाज आता कुणापासून लपायला नव्हता. "माझ्यापेक्षा चांगला. एकदाच सांगतेय, पुन्हा विचारू नकोस."

येसेनियानं नाक ओढलं आणि मान हलवून ती आत पळाली. आत जाता जाता तिनं कुणालातरी मोठ्यानं दटावलं, आणि तो आवाज ऐकून एर्लिंदाला बरं वाटलं.

ताटात काटे तेवढे राहिले. आन्सेल्मो आपल्या मोठ्या मुलीबद्दल सांगत होता, ओफेलिया त्याला मधे मधे दुरुस्त करत होती. उन्हं कलायला लागली तरी दारात माणसं उभीच होती. शेवटी रुतिलिओ आला, डोकं खाजवत.

"आई, जेवून झालं असेल तर... लोक थांबलेत गं."

एर्लिंदानं खुर्चीत नीट रेलून दुखरा पाय शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला.

"थांबू देत," ती म्हणाली. "आम्हाला तिघांना कॉफी आण. आणि साखर वेगळी."