डावा कल्ला

मामाच्या केशकर्तनालयाची जमीन डावीकडे उतरती होती. तिच्याबरोबर खुर्ची कलली, खुर्चीबरोबर गिऱ्हाईक कलले आणि त्यांच्याशी जुळवून घेता घेता मामाची मानही कायमची कलली. परिणामी सपाट जागीही त्याला तिरके तेच सरळ दिसे आणि आमच्या गल्लीतले झाडून सारे पुरुष आखूड डावा कल्ला मिरवत हिंडत. मी पदार्थविज्ञान शिकवते. एकदा स्पिरिट लेव्हल ठेवून मी त्याला उतार दाखवला. काचेतल्या बुडबुड्याकडे त्याने कौतुकाने पाहिले. "बाळ, तुझं यंत्र वाकडं आहे."

दुकानाचे बाकडे पदपथावर आले म्हणून पोलिसांनी त्याला नेले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा देह परत आला. ठाण्याचे म्हणणे असे की, समज देऊन त्याला लगेच सोडले होते. पुढे तो दारू पिऊन रस्त्यात पडला. मामाला खोकल्याच्या औषधाचा वासही सोसत नसे. शवविच्छेदनाने हृदय बंद पडल्याचे सांगितले. ते कुठे बंद पडले, हे सांगणे त्याच्या कक्षेत नव्हते.

मामीने भरपाईचा दावा लावला. दावा मागे घेतल्यास 'सहानुभूती म्हणून' रक्कम देऊ, असा ठाण्याचा निरोप घेऊन एक गृहस्थ घरी आले.

"सहानुभूती शेजारीपाजारी फुकट मिळते," मामी म्हणाली. "हे तुमच्या कोठडीत गेले, शुद्धीत गेले, एवढं लिहून द्या. दारुड्याची बायको म्हणून मी छदामही घेणार नाही."

सुनावणीत ठाणेदारांनी एक फोटो सादर केला. मामा गेला त्या दिवशी सकाळी ठाण्याची वरिष्ठांकडून तपासणी होती; सारे कर्मचारी कडक गणवेशात ओळीने उभे होते. "अशा गडबडीच्या आदल्या रात्री आम्ही कुणाला कशाला डांबून ठेवू?" असा त्यांचा बिनतोड सवाल होता.

मामीने फोटो डोळ्यांजवळ नेला आणि भर सुनावणीत खो खो हसत सुटली. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून पाहिले.

"बाईसाहेब, ही आमच्या ह्यांची हजामत आहे! या टोकापासून त्या टोकापर्यंत!"

मी तिचा पदर ओढला. "मामी, माणसाचे दोन कान मुळातच एका रेषेत नसतात. एवढ्याने काही सिद्ध होत नाही."

"तू माझ्या बाजूची की त्यांच्या?"

"पुराव्याच्या."

"मग आण की पुरावा! नुसत्या शिकवण्या काय घेतेस?"

तुलनेसाठी आदल्या वर्षीच्या तपासणीचा फोटो हवा, असे मी सुचवले. बाईंनी तो मागवला. पुढच्या तारखेला त्यांनी दोन्ही फोटोंवर स्वतः फूटपट्टी ठेवली. जुन्यात सारे कल्ले समान होते. नव्यात सारे डावे आखूड.

"तुमचे लोक केस कुठे कापतात?"

"प्रत्येक जण आपापल्या न्हाव्याकडे," ठाणेदार म्हणाले.

"आणि साऱ्या न्हाव्यांची मान एकाच दिवशी लचकली?"

मागे खसखस पिकली. ठाणेदारांचा हात नकळत डाव्या कानाकडे गेला. बाईंची फूटपट्टी मात्र फोटोच्या कडेला थबकली होती. तिथे एका हवालदाराने टोपी उजव्या कानावर ओढून घेतली होती आणि तिच्याखालून झुलपे बाहेर आली होती. त्याची डावी बाजू तेवढी नेटकी होती.

तो हवालदार मागच्या बाकावरून उठला.

"माझी अर्धी राहिली, बाईसाहेब. तपासणी होती म्हणून त्यांना कोठडीतून काढून रात्रभर सगळ्यांचे केस कापून घेतले. पहाटे छातीत दुखतंय म्हणाले. आम्ही म्हटलं, एवढा एक उरकून टाका."

मामीने माझा हात धरला तो निकालापर्यंत, म्हणजे पुढच्या कित्येक तारखांना, सोडला नाही.

निकालात मृत्यू कोठडीत झाल्याचे आणि दारूचा आरोप निराधार असल्याचे स्पष्ट लिहिले होते. भरपाईही मंजूर झाली. रकमेचा आकडा मामीने ऐकला की नाही, याविषयी मला शंका आहे. वरचे वाक्य मात्र तिने बाईंना पुन्हा वाचायला लावले.

भरपाईतून दुकानाची डागडुजी झाली. आता मामीच कात्री चालवते आणि तिलाही तिरके तेच सरळ दिसते. जमीन समतल करून घेऊ, असे सांगायला मी लेव्हल घेऊन गेले, तर तिने मला दारातच अडवले.

"उताराला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "तो पुरावा आहे."